अमेरिकेतलं चाइल्ड टॅक्स क्रेडिट : उत्पन्नाचा हिशेब करताना या चुका टाळा

‘आमचं चार लाखांच्या वर गेलं, आता मुलांचं क्रेडिट कसलं मिळतंय!’ टॅक्सच्या दिवसांत इथल्या मराठी घरांत हे हमखास ऐकू येतं. पण उत्पन्नाची मर्यादा ओलांडली म्हणून हे क्रेडिट, म्हणजे मुलांमागे टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम, एकदम जात नाही, हळूहळू झिजतं. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर मर्यादा ४,००,००० डॉलर, बाकी सगळ्यांना २,००,०००. त्यापुढच्या दर हजाराला ५० डॉलर कापतात, अर्धवट हजारही पूर्ण धरून. समजा, एकत्र उत्पन्न ४,१२,३०० आणि मुलं दोन. वरचे तेरा हजार धरले की ६५० गेले. २०२५ सालासाठी मुलामागे २,२०० प्रमाणे ४,४०० मिळायचे, त्यातले ३,७५० तरीही हातात!

दुसरी चूक म्हणजे ऑफर लेटरमधला पगार पकडून बसणं. इथे बघतात ते समायोजित उत्पन्न, म्हणजे ठरावीक वजावटी करून उरणारं. पारंपरिक ४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात, टाकलेले पैसे त्यातून वजा होतात. व्हेस्ट झालेले, म्हणजे कंपनीने देऊ केलेले आणि आता तुमच्या मालकीचे झालेले शेअर आणि पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं मात्र त्यात येतं. एनआरई ठेवीचं (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँकठेवीचं) व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून इथेही दाखवायचं नाही असं समजणारे तर पैशाला पासरी. टॅक्ससाठी तुम्ही अमेरिकेचे रेसिडेंट (रहिवासी) असाल तर ते दाखवावंच लागतं.

कमाई अगदी कमी असणारे उलट चूक करतात : ‘टॅक्सच बसत नाही, मग क्रेडिट कशाला मागायचं?’ कष्टाची कमाई २,५०० डॉलरच्या वर असेल, तर वरच्या रकमेच्या १५ टक्के परत मिळू शकतात, मुलामागे जास्तीत जास्त १,७००. ठेवीचं व्याज यात कमाई म्हणून चालत नाही.

आमचा स्वतःचा घोळ वेगळाच होता. थोरला नाशिकचा, एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाचा व्हिसा), आयटिन नंबरवाला (सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही त्यांना टॅक्ससाठी दिलेला नंबर). धाकटी न्यू जर्सीत जन्मलेली. सॉफ्टवेअरमध्ये दोघांची माहिती मी सारखीच भरली आणि काही महिन्यांनी नोटीस दारात. पूर्ण क्रेडिटला मुलाचा, नोकरीसाठी ग्राह्य असलेला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. २०२५ पासून आई-बाबांपैकी एकाचा तरी तसा नंबर हवा. थोरल्याचे ५०० डॉलरच मिळणार होते, ‘इतर अवलंबितां’च्या क्रेडिटमधून. उत्पन्नाची मर्यादा त्यालाही तीच.

हक्काचं क्रेडिट मागायचं राहूनच गेलं असेल, तर मूळ रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांत फॉर्म १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म) भरून मागता येतं.