ग्राफ थिअरीचा इतिहास वाचायला घेताय? आधी ऑयलरचा मूळ लेख वाचा

शिरोबिंदू (ठिपके), कडा (त्यांना जोडणाऱ्या रेघा), कोटी (एका ठिपक्याला लागणाऱ्या रेघांची संख्या) एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. माझे सगळ्यात जास्त महिने एकाच जागी गेले, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

पाठ्यपुस्तकात चार ठिपके, सात रेघा आणि खाली ‘ऑयलर, १७३६’ असं दिसतं. ऑयलरच्या लेखात ते चित्र नाहीच! तिथे कोनिग्जबर्ग शहरातली नदी आणि तिच्यावरचे सात पूल आहेत, आणि पुढचा सगळा युक्तिवाद अक्षरांचा आहे. जमिनीचे चार भाग ए, बी, सी, डी. सात पूल एकेकदाच ओलांडायचे तर वाट आठ अक्षरांत लिहिता यायला हवी. ए ला पाच पूल लागतात, म्हणजे ए तीनदा यायलाच हवा. बाकीच्या तिघांना तीन-तीन पूल, म्हणून ते दोन-दोनदा. बेरीज नऊ. जागा आठच. हे वहीत स्वतः मांडून बघा, नुसतं वाचून भागत नाही. आलेख जोडलेला असून सगळ्या कोटी सम असल्या की प्रत्येक कडा एकदाच घेणारी वाट असतेच, याची पूर्ण सिद्धता हिअरहोल्त्सरची, तीही त्याच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये छापलेली. ठिपक्यांचं चित्र तर १८९२ च्या राउस बॉल यांच्या पुस्तकातलं.

हे वाचायचं राहिलं की पुढचं सगळं वाकडं दिसतं. किर्कहॉफ १८४७ मध्ये विजेच्या मंडलांतून आला, केली १८५७ मध्ये कलनातल्या प्रश्नातून वृक्षांकडे (एकही फेरा नसलेल्या जोडलेल्या आलेखांकडे) वळला. ऑयलरचा वारसा पुढे न्यायला यातलं कोणीच बसलं नव्हतं. विखुरलेलं हे सगळं एका पुस्तकात बांधलं डेनेश क्योनिगने, १९३६ मध्ये.

लॅटिनची धास्ती नको. इंग्रजी भाषांतर सहज मिळतं, लेख अवघ्या २१ परिच्छेदांचा आहे. ‘इतिहास परीक्षेला नाही’ म्हणणारे गाइड भेटतील. त्यांच्याकडून प्रमेयं शिका, वाचनाचा सल्ला घेऊ नका. व्हिडिओंवर तर अजिबात विसंबू नका. चार रंगांच्या प्रश्नात (नकाशातले शेजारी प्रदेश वेगळ्या रंगांत रंगवायला चार रंग पुरतात का?) ते प्रश्न निघाला त्या १८५२ वरून थेट १९७६ च्या संगणकी सिद्धतेवर उडी मारतात आणि केंपेची १८७९ ची सिद्धता ‘चुकीची’ म्हणून गाळतात. त्याच सिद्धतेतल्या साखळ्या (दोनच रंगांच्या, एकमेकांना लागून असलेल्या प्रदेशांच्या) वापरून हीवूडने १८९० मध्ये पाच रंग पुरतात हे दाखवलं!

केंपेची चूक आधी स्वतः शोधा. अकरा वर्षं ती कोणाला दिसली नव्हती, तेव्हा लगेच सापडली नाही म्हणून खचू नका. पाच शेजारी असलेल्या प्रदेशापाशी तो दोन साखळ्यांचे रंग एकदमच बदलतो, तिथे थांबून बघा.