जुनी युक्रेनियन फाईल उघडल्यावर कचरा दिसतोय?

सगळ्यात आधी एक पथ्य: फाईल 'सेव्ह' करू नका. अक्षरांच्या जागी एकदा प्रश्नचिन्हं सेव्ह झाली की मूळ मजकूर गेलाच. आधी प्रत काढून ठेवा.

कचरा दिसतो कारण फाईल एका एन्कोडिंगमध्ये (अक्षरांना संगणकासाठी आकडे देण्याची पद्धत) लिहिलेली असते आणि भलत्याच एन्कोडिंगने उघडली जाते. मग कचरा नीट बघा, तोच निदान सांगतो. डोक्यावर टिंबं नि तिरक्या रेघा असलेले रोमन स्वर भरभरून दिसत असतील, तर मजकूर बहुधा विंडोज-१२५१ या विंडोजच्या एन्कोडिंगमधला आहे. अक्षरं सिरिलिकच (रशियन-युक्रेनियनची लिपी), पण शब्द निरर्थक आणि वाक्याचं पहिलं अक्षर लहान, बाकीची मोठी? म्हणजे केओआय-८ या जुन्या सिरिलिक एन्कोडिंगचा मजकूर १२५१ समजून उघडलाय. लांबी दुप्पट झालीय आणि रोमन पी-सीसारखी अक्षरं एकाआड एक येतायत, तर तो यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांचं आजचं एन्कोडिंग) आहे.

युक्रेनियनची खरी मेख पुढे आहे. केओआय-८ चा केओआय८-आर हा प्रकार रशियनसाठी केलेला. त्यात युक्रेनियनची चार खास अक्षरं नाहीतच. दोन टिंबांचा 'यी' त्यातलाच. केओआय८-यू या युक्रेनियन प्रकारात ती चौकटी आखायच्या चिन्हांच्या जागी बसवली. त्यामुळे बाकी मजकूर छान वाचता येतोय आणि मधूनच आडव्या-उभ्या रेघा डोकावतायत, तर 'आर' काढून 'यू' लावा. आयएसओ ८८५९-५ या आणखी एका सिरिलिक एन्कोडिंगच्या नादी लागू नका, त्यात युक्रेनियनचा टोकवाला 'ग' (ґ) नाही.

नोटपॅड++ या मजकूर-संपादकात 'एन्कोडिंग', 'कॅरेक्टर सेट्स', 'सिरिलिक' असं जाऊन योग्य नाव निवडा. मजकूर सुधारला की 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' करा आणि मगच सेव्ह करा.