समुद्रात नेण्याआधी कयाक तलावावर कशी पारखावी

शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, बैल घेणारा त्याला एकदा पळवून बघतो आणि पैसे मोजतो. वखरासाठी घेणारा त्याला जुवाखाली घालतो, दुसऱ्या बैलाशी जोडून दोन तास चालवतो, मध्येच थांबवतो, पुन्हा हाकतो. गटाने समुद्रात न्यायची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट अरुंद होडी, वखराच्या बैलासारखी पारखावी लागते. हे कळायला मला एक सहल आणि एक खांदा खर्ची घालावा लागला.

दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी सी-कयाक घेतली. बिनवाऱ्याच्या सकाळी, एकट्याने अर्धा तास चालवून. पाच मीटर लांब, सुतासारखी सरळ जाणारी. मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालो आणि दुपारी डावीकडून वारा सुटला, तसं तिचं नाक सारखं वाऱ्याकडे वळायला लागलं. सरळ राहायला डावं वल्हं जास्तीचं मारायचं. मागच्या दोघांसाठी सगळे थांबले, की दहा मिनिटांत मी बाकीच्यांपासून शंभर पावलं वाहून गेलेलो. संध्याकाळी डावा हात डोक्याच्या वर जाईना. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

आमचा पाचजणांचा गट साकोली-लाखनीकडचा. कोकणचा समुद्र इथून हजारेक किलोमीटर. तिथे जाऊन बोट नापास करणं परवडत नाही, म्हणून आता सगळी परीक्षा इकडेच घेतो.

जागा आणि वेळ

पूर्व विदर्भात तळ्यांना तोटा नाही. कोहळी समाजाने बांधलेले माजी मालगुजारी तलाव, आमच्या भाषेत मामा तलाव, गावोगाव आहेत. तिथे बोट उलटवायचा आणि वळवायचा सराव चांगला होतो, पण लाटा उठायला वाऱ्याला लांबच लांब उघडं पाणी लागतं. त्यासाठी इटियाडोहसारखं मोठं धरण हवं. गोसेखुर्दचं पाणी अफाट आहे, पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान-वैनगंगेमार्गे तिथेच येतं आणि जलपर्णीही माजते. उलटण्याचा सराव असल्या पाण्यात कोण करणार? नवेगावबांधचा तलाव सुंदर, पण तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय बोट उतरवायची नाही. धरणावर पाटबंधारे विभागाची परवानगी घ्या, गावतलावावर मासेमारी संस्थेची. संस्थेतल्या ढिवर (मासेमार) काकांनाच विचारलं तर जाळी कुठे लावलीत, शिंगाड्याचे वेल कुठवर आलेत, बुडालेल्या झाडांचे खुंट कुठे आहेत, सगळं पाच मिनिटांत कळतं.

डिसेंबरची सकाळ पहिल्या सरावाला ठीक. खऱ्या परीक्षेला फेब्रुवारी-मार्चमधली वाऱ्याची दुपार हवी. लाटांच्या माथ्यावर कुठेकुठे पांढरा फेस दिसायला लागला, की वारा साधारण ताशी 12 ते 19 किलोमीटर आहे असं समजा. एवढा पुरे. सगळीकडे पांढरं दिसायला लागलं तर त्या दिवशी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून चहा प्या. आणि एकट्याने जायचं नाही, लाइफ जॅकेट काढायचं नाही.

आधी जमिनीवर, मग ओझं

बोलेरोच्या कॅरियरवर खाली तणसाच्या पेंढ्या घालून आम्ही बोट नेतो, ओरखडा येत नाही. उतरवल्यावर पुढच्या-मागच्या कप्प्यात एकेक बादली पाणी ओता, झाकण लावा आणि बोट कुशीवर करून हलवा. बसायच्या जागेत पाणी झिरपलं तर आतली आडभिंत गळते आहे. ती आधी दुरुस्त करा, कारण उलटल्यावर बोट तरंगत राहते ती या कप्प्यांमधल्या हवेवर. नंतर आत बसा. पाय ठेवायच्या खुंट्या अशा सरकवा की टाच टेकलेली असताना गुडघा किंचित वाकून बोटीच्या वरच्या कवचाला आतून घट्ट लागेल. गुडघा सैल राहिला तर पुढची निम्मी परीक्षा फुकट.

मग ओझं भरा. रिकामी कयाक वर तरंगते, वारा जास्त खाते आणि डुलतेही जास्त. समुद्रात तुम्ही तंबू, भांडी, पाणी घेऊन जाणार, तेव्हा तशीच पारखा. दोन लिटरच्या दहा बाटल्या काठोकाठ भरल्या की 20 किलो झाले. पाच पुढे, पाच मागे. पोत्यात घट्ट बांधून ठेवा. सुट्या बाटल्या वळताना गडगडतात आणि बोटीचा खोटाच स्वभाव दिसतो.

पहिलं काम, उलटणं

मुरमाड तळ बघून कमरेएवढ्या पाण्यात जा. गाळाच्या जागी मदतीला उभ्या असलेल्याचेच पाय रुततात. बसायच्या जागेत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती बांधायचं स्प्रे स्कर्ट लावलं असेल तर त्याची ओढायची पट्टी बाहेर आहे ना, हे हाताने चाचपून बघा. उलटा, पट्टी ओढा, दोन्ही हातांनी बोटीच्या काठाला रेटा देऊन बाहेर या. डोळे मिटून तीनदा जमलं की पुढे.

आता खोल पाण्यात जोडीदारासोबत. त्याने तुमच्या उलट्या बोटीचं नाक आपल्या बोटीवर आडवं ओढून घ्यायचं, पाणी निथळू द्यायचं, सुलटी करून धरून ठेवायची आणि तुम्ही मागच्या बाजूने पोटावर सरपटत चढायचं. भरलेल्या बोटीने हे करून बघितल्याशिवाय ती तुमच्या गटाच्या कामाची आहे असं म्हणू नका. आमच्यातली एक बोट चालायला देखणी, पण तिचं नाक उचलताना दोघांची दमछाक होते.

स्थिर बसून

कंबर डावी-उजवी हलवा. काही बोटी पहिल्यांदा डगमगतात, पण एका कडेवर कलल्या की तिथे घट्ट टेकतात. काही सपाट असताना खाटेसारख्या स्थिर वाटतात आणि एका मर्यादेनंतर न सांगता उलटतात. लाटांवर पहिली जात बरी. नवा माणूस दुसरीवर भाळतो, मीही भाळलो होतो.

मग रोजची कामं करा. बाटली उघडून पाणी प्या, टोपी काढून घाला, आणि पूर्ण मागे वळून पाठीमागच्या माणसाला बघा. गटात हे शेवटचं काम दिवसातून शंभरदा करावं लागतं. प्रत्येक वेळी वल्हं पाण्यावर टेकवून तोल सावरावा लागत असेल तर तसं वहीत लिहा.

सरळ आणि वळण

पलीकडच्या काठावरचा फुललेला पळस धरा आणि वीस वल्ही समान जोराने मारा. नाक किती सरकलं ते बघा. नंतर थांबून, एकाच बाजूने मोठी अर्धवर्तुळाकार वल्ही मारत पूर्ण गोल फिरा आणि वल्ही मोजा. मग तेच बोट कडेवर कलवून. पाच मीटरच्या बोटीला सपाट असताना दहा-बारा वल्ही लागली तर दचकू नका, कलवल्यावर त्यातली किती वाचतात तो आकडा महत्त्वाचा.

वारा

इथे घाई करू नका, अर्धा दिवस द्या.

पुढे जाणाऱ्या बोटीचं नाक समोरच्या पाण्यात दाबून धरलेलं असतं आणि शेपूट मागच्या खळबळीत मोकळं. आडवा वारा ते मोकळं शेपूट ढकलतो, म्हणून नाक वाऱ्याकडे वळतं. बहुतेक कयाकमध्ये हे थोडंफार असतंच, आणि थोडं असलेलं बरंही. किती आहे आणि ते आवरता येतं का, एवढं तपासायचं.

जाळ्याला बांधलेली एखादी तरंगती बाटली लांबून मध्यावर धरा. तिच्यापासून वाऱ्याच्या आठ दिशांना शंभर-शंभर पावलं जा आणि परत या. स्केग, म्हणजे शेपटाखाली पाण्यात सोडायची पातळ फळी, पहिल्या फेरीत पूर्ण वर ठेवा. कुठल्या दिशेला कोणता हात जास्त राबतो ते लिहा. दुसऱ्या फेरीत आडव्या वाऱ्याला स्केग अर्धी सोडा, वारा पाठीमागून असताना पूर्ण. पुढून वारा असताना वरच. बोटीला सुकाणू असेल तर तीच फेरी ते वर उचलूनही करा. सुकाण्याची तार तुटली तर काय, हे समुद्रात शोधण्यात अर्थ नाही. तिसऱ्या फेरीत वाऱ्याकडची कड खाली दाबून चाला, नाक किती आवरतं ते कळेल.

माझ्या बोटीला एवढं करूनही गुण येईना. पाळीवर जाळं झटकत बसलेले काका सगळा तमाशा बघत होते. म्हणाले, "भाऊ, तुमच्या डोंग्याचं मांगचं टोक पाण्याच्या वर हाय जी. हवा त्याले ढकलून रायली." पुढच्या कप्प्यातल्या दोन बाटल्या काढून मागे टाकल्या. पुढे तीन, मागे सात. शेपूट जरा बसलं आणि तीच बोट आडव्या वाऱ्यात अर्ध्या स्केगवर सरळ निघाली. खांदा दुखवून घेण्याआधी हे चार किलो मागे टाकायचं कोणी सांगितलं असतं तर!

शेवटी थांबा. दोन बोटी शेजारी-शेजारी, वल्ही वर, पाच मिनिटं. बोटी वाऱ्याला आडव्या होतील आणि वाहायला लागतील. दोघींमध्ये किती अंतर पडलं ते बघा, आणि तिथून नाक परत वाटेवर आणायला किती वल्ही लागतात तेही.

गटासोबत

आता सगळे मिळून तीन-चार किलोमीटर जा, आणि वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा. लांब, वेगासाठी बांधलेल्या बोटी या चालीत चिडतात. सावकाश चालवताना नाक भरकटतं आणि चालवणारा नकळत पुढे पळतो. दर दहा मिनिटांनी थांबून माणसं मोजा. एक शिट्टी म्हणजे इकडे बघा, तीन म्हणजे मदत, हे आधी ठरवून घ्या. एकदा सगळ्या बोटी कडेला कड लावून एकत्र धरा, एकदा दहा-पंधरा मीटरच्या दोरीने कोणाला तरी ओढून न्या. ओढताना बोट वळेनाशी होते का ते बघायचं.

मग बोटींची अदलाबदल, प्रत्येकी पंधरा मिनिटं. आमचा नियम असा, की प्रत्येकाने वहीत लिहीपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. नाहीतर ज्याने सगळ्यात महाग बोट घेतली, त्याचंच मत सगळ्यांचं होतं.

तलाव जे शिकवत नाही

धरणावरच्या लाटा आखूड आणि जवळजवळ असतात. समुद्राची लांब फुगणारी लाट, किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेतून उतरणं, भरती-ओहोटीची ओढ, हे इथे नाही. म्हणून कोकणात पहिला दिवस खाडीतच. दिवस निवडताना अष्टमीच्या आसपासचा घ्या, तेव्हा भांगाची भरती असते आणि पाण्याची ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नव्या बोटीची ओळख करून घेऊ नये. पहाटे जमिनीवरून मतलई वारे असतात, दुपारी समुद्राकडून खारे. शाळेत भूगोलात पाठ केलं होतं तेच. सकाळी निघा आणि खाऱ्या वाऱ्याचा जोर वाढायच्या आत परत या.

आडव्या वाऱ्यात माझी बोट जिथे सरळ चालते, तिथे स्केगच्या सरकत्या खटक्याशेजारी मी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिलाय, आणि मागच्या झाकणाच्या आत "सात" असं लिहून ठेवलंय. यंदा तारकर्लीला पोचलो, की सामान भरून पहिल्या सकाळी कर्लीच्या खाडीत तो ठिपका बरोबर बसतो का ते बघायचं. नाही बसला तर शेजारी दुसऱ्या रंगाचा देईन, डबा सोबत घेतलाय.