सम्राट ज्युलियनवर लिहिताय? या चुका टाळा

रोमच्या उत्तरकाळातला ज्युलियन हा लेखकांचा लाडका सम्राट. राजघराण्यातली कत्तल, धर्मांतर, स्वारी, ऐन तिशीत मृत्यू, असं सगळं आयतं हाताशी येतं, आणि त्या भरात चुकाही आयत्याच होतात.

किरकोळ घोळ आधी उरकू. ज्युलियन कॅलेंडरशी याचा काडीचा संबंध नाही. ते ज्युलियस सीझरचं, याच्या चारशे वर्षं आधीचं. इसवी सन 193 मध्ये लिलावात गादी विकत घेणारा डिडियस ज्युलियानसही वेगळा. आणि याचा काका कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, आश्रय दिला. तो राज्यधर्म ठरला 380 मध्ये, थिओडोसियसच्या काळात.

आता वर्षं जुळत नसतील तर. कुठे ज्युलियनची कारकीर्द तीन वर्षांची म्हणतात, कुठे जेमतेम वीस महिन्यांची. दोन्ही बरोबर आहे, फक्त मोजायला सुरुवात कुठून केली ते बघा. 355 च्या नोव्हेंबरात तो ‘सीझर’ झाला, म्हणजे हाताखालचा धाकटा सम्राट. 360 मध्ये लुटेशियाला, म्हणजे आजच्या पॅरिसला, सैनिकांनी त्याला ढालीवर उचलून ‘ऑगस्टस’, म्हणजे थोरला सम्राट, म्हणून घोषित केलं. आधीपासून थोरला सम्राट असलेला चुलतभाऊ कॉन्स्टंटियस 3 नोव्हेंबर 361 ला वारला, तेव्हा कुठे तो एकटा धनी झाला. 26 जून 363 ला सगळं संपलं.

दाढीतल्या उवांचं प्रकरण तर फारच चघळलं जातं. ‘सम्राटाच्या दाढीत उवा होत्या’ हे वाक्य मीही एकदा बेधडक ठोकून दिलं होतं. सीरियातल्या अँटिऑक शहराचे लोक त्याच्या तत्त्वज्ञासारख्या दाढीची टर उडवत, म्हणून त्याने ‘दाढीद्वेष्टा’ अशा अर्थाच्या नावाचं एक लिखाण केलं आणि त्यात स्वतःचीच यथेच्छ खिल्ली उडवली: रानात श्वापदं हिंडावीत तशा माझ्या दाढीत उवा हिंडतात. हा उपरोध आहे. तो वैद्यकीय अहवालासारखा वाचला की फसलात. त्यापेक्षा केस कापायला बोलावलेल्या न्हाव्याचा किस्सा घ्या. न्हावी असा भरजरी थाटात आला की ज्युलियन म्हणाला, मी न्हावी मागवला होता, खजिन्याचा अधिकारी नव्हे. त्याची कमाई विचारली, तर रोजचा वीस माणसांचा शिधा, तितकाच जनावरांचा चारा, वर पगार. राजवाड्यातल्या नोकरांची फौज त्याने का घटवली, हे यातून आपोआप कळतं.

ख्रिस्ती म्हणून वाढलेला ज्युलियन पुढे जुन्या ग्रीक-रोमन देवांकडे वळला. या धर्माच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका होतात. एक गट त्याला क्रूर छळवादी करतो, दुसरा सर्वधर्मसमभावाचा पुतळा. त्याने ख्रिस्त्यांच्या सरसकट कत्तलीचा हुकूम कधी काढला नाही. पण 17 जून 362 चा शिक्षकांविषयीचा कायदा बघा. त्यात ख्रिस्त्यांचा उल्लेखही नाही. शिक्षक चारित्र्याने उत्तम हवा, एवढंच म्हटलंय. खरी गोम त्याच्या पत्रात आहे: ज्यांना ग्रीक महाकवी होमरचे देव खोटे वाटतात त्यांनी होमर शिकवू नये. अम्मियानस मार्सेलिनस हा इतिहासकार त्याचा चाहता, स्वतः जुन्या देवांना मानणारा. त्यालाही हा हुकूम जाचक वाटला. आपल्याकडचा ‘मूर्तिपूजक’ हा शब्दही जपून वापरा. ज्युलियन आपल्या पंथाला ‘हेलेनी’, म्हणजे ग्रीक, म्हणायचा.

आता मृत्यू. सगळ्यात जास्त चुका इथेच.

इराणवर स्वारी करून तो टेसिफॉन या त्यांच्या राजधानीच्या तटापर्यंत पोचला, पण शहर घेता येईना. मग त्याने आपलंच आरमार जाळलं. याला सरळ ‘वेडेपणा’ म्हणू नका: जहाजं ओढण्यात सुमारे वीस हजार माणसं गुंतली होती आणि जहाजं शत्रूच्या हाती पडण्याची भीती होती. पुलासाठी बारा लहान होड्या राखल्या होत्या. निर्णय चुकला, आणि आग विझवायचा हुकूम सुटेपर्यंत उशीरही झाला.

परतीच्या वाटेवर पिछाडीवर हल्ला झाल्याचं कळताच तो चिलखत न घालता धावला. भाला दंडाला चाटून बरगड्यांतून यकृतात रुतला. तो उपसताना दुधारी पात्याने त्याची बोटं कापली गेली. तंबूत वेदना थोडी उतरली तेव्हा त्याने पुन्हा घोडा मागितला. पण त्या जागेचं नाव फ्रिजिया आहे असं कळलं आणि त्याने आशा सोडली; आपला मृत्यू फ्रिजियात आहे, असं भाकीत तो पूर्वी ऐकून होता. मॅक्सिमस आणि प्रिस्कस या तत्त्वज्ञांशी तो आत्म्याविषयी बोलत राहिला. मध्यरात्री गार पाणी मागितलं, प्यायला आणि गेला.

मरताना तो ख्रिस्ताला उद्देशून ‘गॅलिलीवाल्या, तू जिंकलास!’ म्हणाला, हे अम्मियानसकडे कुठेच नाही. ते थिओडोरेट या ख्रिस्ती इतिहासकाराच्या ग्रंथात येतं, तेही कैक दशकांनी. अम्मियानस मात्र त्याच सैन्यात होता. भाला कोणाचा? तो म्हणतो, ठाऊक नाही. ज्युलियनचा चाहता वक्ता लिबानियस याने ख्रिस्ती सैनिकाकडे बोट दाखवलं, पुरावा दिला नाही. तुम्हीही ‘खून’ लिहू नका.

शेवटी समाधी. कॉन्स्टँटिनोपल लिहाल तर ‘नंतर हलवलेली’ असं जोडा. अँटिऑकवर रुसून निघताना तो म्हणाला होता, परतलो की तुमच्याकडे येणार नाही, हिवाळा टार्ससला (आजच्या दक्षिण तुर्कस्तानात) काढीन. तो आलाही टार्ससलाच, पुरायला.