अ‍ॅव्हरेज घसरले? स्क्रूला हात लावण्याआधी मागचे चाक फिरवून पाहा

100 ते 125 सीसीच्या मोटारसायकलीचे अ‍ॅव्हरेज कमी झाले की बहुतेकांचे लक्ष सर्वप्रथम कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जाते, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. हा स्क्रू प्रामुख्याने इंजिन जागेवर चालू असताना आणि थ्रॉटल अगदी थोडे उघडलेले असताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण ठरवतो. रस्त्यावर 45-50 च्या वेगाने जाताना पेट्रोल येते ते कार्बोरेटरमधल्या नीडल (सुई) आणि जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून). त्यामुळे स्क्रू कसून पेट्रोल फारसे वाचत नाही; उलट सकाळी थंड इंजिन बंद पडू लागते, चालक चोक ओढून तशीच गाडी दामटतो आणि वाचलेल्या थेंबांपेक्षा जास्त पेट्रोल जाळतो. काही ठिकाणी तर लहान जेट बसवून दिला जातो. मग प्लग पांढरा पडतो, चढावर इंजिन खडखडते आणि जादा तापून पिस्टनचे नुकसान होते. एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 (प्रदूषणाच्या कडक निकषांच्या) गाड्यांपैकी बहुतेकांमध्ये कार्बोरेटरच उरलेला नाही, पेट्रोल इंजेक्शनने दिले जाते, तरीही ‘ट्यूनिंग करून वाढवून देतो’ असे कोणी म्हणाले, तर गाडी तेथून सरळ बाहेर काढावी.

वाईजवळच्या एका दूध उत्पादकाची स्प्लेंडर माझ्या चांगली लक्षात आहे. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून ते रोज संकलन केंद्रावर जात. पूर्वी लिटरला 60 च्या पुढे जाणारी त्यांची गाडी 45 वर आली होती. एका गॅरेजात स्क्रू कसून झाला, दुसऱ्या गॅरेजात प्लग बदलून झाला, आणि तिसऱ्याने इंजिन खोलण्याचा सल्ला दिला होता. मी गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने जोरात फिरवले, तर ते अर्धा फेराही न घेता थांबले. थोडे अंतर चालवून आणल्यावर ब्रेकच्या ड्रमवर बोट टेकवत नव्हते. किटल्यांच्या वजनामुळे ब्रेक लवकर लागावा म्हणून त्यांनी ब्रेकच्या रॉडची नट कसून घेतली होती, आणि लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) बाहेर ढकलणारा आतला कॅम कोरडा पडल्यामुळे ते ड्रमला सतत घासत होते. ड्रम साफ केला, कॅमला लायनरवर जाणार नाही इतकेच ग्रीस लावले, पायातल्या ब्रेकला वरच्या टोकाला 20 ते 30 मिलिमीटर मोकळी चाल ठेवली. पुढच्या टाकीला अ‍ॅव्हरेज जवळजवळ पूर्ववत झाले. इंजिनाचा यात काहीच दोष नव्हता.

हा दोष अनेकदा चेन कसताना निर्माण होतो. चेन ताणण्यासाठी चाक मागे सरकवले की ब्रेकचा रॉडही आपोआप ताणला जातो, आणि घाईत असलेला माणूस ती नट सैल करायला विसरतो. म्हणून चेनला हात लावला की ब्रेक तपासायचाच, ही माझी पक्की सवय आहे. चेन तारेसारखी ताणणेही चूकच आहे. अशा बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते, आणि ती चाक फिरवत चेन जेथे सर्वांत घट्ट येते तेथे मोजावी.

टायरमधील हवा अंगठ्याने दाबून समजत नाही. एकट्याने जाताना आणि मागे माणूस किंवा ओझे असताना मागच्या चाकाचा दाब वेगळा असतो. तो गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो आणि टायर थंड असतानाच तपासायचा असतो.

पेट्रोल वाचेल या आशेने नळीला चुंबक बांधू नये. 10 डब्ल्यू-30 जाडीचे ऑइल सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल चांगले’ म्हणून 20 डब्ल्यू-50 ओतू नये. तेल मुरवलेल्या कागदाचा एअर फिल्टर हवा मारून साफ करू नये, तो बदलावा. क्लच अर्धवट दाबून गाडी रेंगाळवत चालवू नये.

पसरणी घाट उतरताना न्यूट्रल करणारी, कधी इंजिनच बंद करणारी मुले पाहिली की मला खरोखर काळजी वाटते. लहान ड्रम ब्रेक सलग उतारावर तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. शिवाय इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडून उतरताना पेट्रोलचा पुरवठा थांबतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते द्यावेच लागते. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचत काहीच नाही.

शेवटी मोजणीविषयी. शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून काट्याकडे पाहत काढलेला आकडा निरुपयोगी आहे, आणि नवी गाडी पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच मोजायला घेणे हा निव्वळ उतावीळपणा आहे. एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर उभी करून टाकी फुल करावी, नेहमीच्या रस्त्यांवर टाकी बऱ्यापैकी रिकामी होईपर्यंत चालवावी, पुन्हा तशीच भरावी आणि किलोमीटरला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत 6 ते 7 टक्के ऊर्जा कमी मिळते. जुन्या वहीतले आकडे शुद्ध पेट्रोलचे असतील, तर तुलना करताना एवढी घट आधी वजा करावी, आणि त्याखाली आकडा गेला तरच पाना हातात घ्यावा.