फेलोशिप मॅचची रँक लिस्ट लावताना या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं विशेष प्रशिक्षण, करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. त्यापुढचं उपशाखेचं प्रशिक्षण म्हणजे फेलोशिप. उमेदवार आणि प्रोग्राम आपापल्या पसंतीची यादी देतात आणि कॉम्प्युटर त्या याद्या जुळवून जागा ठरवतो, तो मॅच. प्रश्न बहुतेक एकच असतो. "ताई, मला सगळ्यात आवडलेला प्रोग्राम माझ्या आवाक्याबाहेरचा वाटतोय. तो पहिल्या नंबरवर टाकला तर नंबर फुकट जाईल ना?"

हा प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे घरोघरी गेल्या वर्षीचे कट-ऑफ समोर ठेवून "पहिला पर्याय जपून भर" हा धडा सोळाव्या वर्षीच पक्का होतो. पुढे मेडिकलच्या फेऱ्या, अपग्रेड आणि अनामत रकमेची धाकधूक यांत तो आणखी घट्ट बसतो. अमेरिकेतल्या फेलोशिप मॅचमध्ये मात्र हाच धडा घात करतो. तिथे फेरी एकच असते, सामाईक गुणवत्ता यादी नसते आणि वरच्या नंबरवर टाकलेलं नाव कधीच वाया जात नाही.

आधी रचना थोडक्यात सांगते. रेसिडेन्सीच्या जागा भरणारी एनआरएमपी (नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्राम) ही संस्था १९५२ पासून मॅच चालवते. फेलोशिपसाठी तिची वेगळी शाखा आहे. कार्डिऑलॉजी, गॅस्ट्रो, हेमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजी, पल्मनरी-क्रिटिकल केअर, नेफ्रॉलॉजी, एन्डोक्राइन अशा इंटर्नल मेडिसिनच्या उपशाखा तिच्या एकाच वेळापत्रकात बसतात. अर्ज जुलैत, इंटरव्ह्यू उन्हाळ्याच्या अखेरीपासून, यादी नोव्हेंबरात, निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला आणि रुजू व्हायचं पुढच्या जुलैत. सगळ्या शाखा इथेच असतात असं समजू नका. डोळ्यांच्या बऱ्याच फेलोशिप सॅन फ्रान्सिस्को मॅचमधून भरतात, क्रेनिओफेशिअल सर्जरीही तिथेच. आपली उपशाखा कुठल्या मॅचमध्ये आहे हे अर्जाच्या आधीच तपासायचं.

घाबरून लावलेली यादी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबते. समजा पूर्व, उत्तर आणि दक्षिण असे तीन प्रोग्राम आहेत, प्रत्येकी एक जागा. उमेदवारही तिघे: तुम्ही, एक नाशिकची डॉक्टर आणि एक सोलापूरचा डॉक्टर.

तुमची यादी पूर्व, उत्तर, दक्षिण. नाशिककरणीचीही तीच. सोलापूरकराची उत्तर, पूर्व, दक्षिण. आता प्रोग्रामांच्या याद्या. पूर्वला आधी नाशिक हवी, मग सोलापूर, मग तुम्ही. उत्तरला आधी तुम्ही, मग सोलापूर, मग नाशिक. दक्षिणेने तिघांनाही यादीत घेतलंय.

कॉम्प्युटर उमेदवाराच्या बाजूने सुरुवात करतो. सोलापूरकर उत्तरेकडे जातो, जागा रिकामी आहे, त्याला तात्पुरतं बसवलं जातं. नाशिककरीण पूर्वेकडे जाते, तीही तात्पुरती बसते. मग तुम्ही पूर्वेकडे जाता. पूर्वला नाशिककरीण जास्त पसंत आहे, तुम्हाला नकार मिळतो. तुम्ही दुसऱ्या नंबरकडे, उत्तरेकडे वळता. तिथे सोलापूरकर आधीच बसलेला आहे, पण उत्तरच्या यादीत तुम्ही त्याच्या वर आहात. त्याला उठवून ती जागा तुम्हाला दिली जाते. तो बिचारा पूर्वेकडे जातो, तिथेही नाशिककरीण त्याच्या वर आहे, म्हणून शेवटी दक्षिणेत बसतो. आता सरकायला कुणी उरलं नाही. तात्पुरत्या जागा पक्क्या झाल्या.

तुम्ही आधी पूर्वेचा दरवाजा ठोठावला म्हणून उत्तरेची जागा हुकली का? नाही. उशिरा पोहोचूनही ती मिळाली, कारण शेवटपर्यंत कुठलीच जागा पक्की नसते. म्हणूनच 'आधी सुरक्षित, मग स्वप्नातलं' अशी यादी लावण्याने काही कमावता येत नाही, गमावता मात्र येतं. पूर्वने तुम्हाला वर ठेवलं असतं आणि तुम्ही घाबरून उत्तर पहिल्या नंबरवर टाकलं असतं, तर पूर्वची जागा तुमच्या हातून गेली असती आणि ते तुम्हाला कधी कळलंही नसतं.

या कल्पनेचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांच्या १९६२ च्या एका शोधनिबंधात आहे. ॲल्विन रॉथ आणि एलियट पेरॅन्सन यांनी मॅचसाठी तयार केलेली, उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होणारी रीत १९९८ पासून वापरात आहे. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या कामाची गोष्ट एवढीच की यादी मनातल्या खऱ्या क्रमाने लावणं हाच या रीतीत उमेदवाराच्या फायद्याचा मार्ग आहे, आणि त्यामागे पक्कं गणित आहे.

त्याच उदाहरणात आखूड यादीची चूकही दिसते. सोलापूरकराने 'दक्षिण कशाला, उत्तर किंवा पूर्व मिळेलच' म्हणून दोनच नावं दिली असती, तर तो अनमॅच्ड, म्हणजे जागेविना, राहिला असता. जिथे इंटरव्ह्यू झाला आणि जिथे जायची तुमची खरोखर तयारी आहे, ते प्रत्येक नाव यादीत हवं. शेपटीला नावं जोडल्याने वरच्या नावांची शक्यता तसूभरही घटत नाही.

जिथे जायचंच नाही ते नाव

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नोंदणी करताना तुम्ही एका करारावर सही करता. जिथे मॅच झाला तिथे रुजू व्हायचं आणि किमान ४५ दिवस राहायचं, हे त्यात बंधनकारक आहे. "मिळालं तर बघू, नाहीतर नाही सांगू" ही सोय नाही. तुमचं आणि प्रोग्रामचं आपसात ठरलं तरी ते तुम्हाला मोकळं करू शकत नाहीत. सुटका हवी असेल तर एनआरएमपीकडेच रीतसर अर्ज करावा लागतो, आणि करार मोडल्याचं ठरलं तर पुढच्या मॅचमधून काही वर्षं बाहेर राहावं लागू शकतं. त्यामुळे एखाद्या गावात राहणं तुमच्या जोडीदाराला कोणत्याही परिस्थितीत शक्य नसेल, तर ते नाव यादीत नको. हे बोलणं यादी लावायच्या आधी घरात झालेलं बरं.

तोंडी शब्दावर विसंबणं

इंटरव्ह्यूनंतर एखादा मेल येतो, "आम्ही तुम्हाला खूप वर ठेवणार आहोत." आनंद होतो, साहजिक आहे. पण त्या मेलमुळे यादीचा क्रम बदलू नका. आपण होऊन आवड कळवायला दोन्ही बाजूंना मुभा आहे, पण तुम्ही कुणाला कितव्या नंबरवर ठेवणार हे प्रोग्रामने विचारणं नियमात बसत नाही. विचारलंच तर "मला तुमचा प्रोग्राम मनापासून आवडला" एवढं सांगून थांबायचं.

तोंडी शब्दांवर बाजार चालला की काय होतं, ते गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने अनुभवलं आहे. त्यांचा मॅच १९८६ मध्ये सुरू झाला. नव्वदीच्या दशकात प्रशिक्षण दोनाचं तीन वर्षांचं झालं, अर्जदार रोडावले आणि प्रोग्राम मॅचबाहेर उमेदवार उचलू लागले. दशकाच्या अखेरीस तो मॅच मोडीत निघाला. मग ऑफर दरवर्षी आणखी लवकर येऊ लागल्या. 'आत्ताच्या आत्ता हो म्हणा' असा दबाव आला. त्या काळात फेलो आपल्याच हॉस्पिटलात राहण्याचं प्रमाण वाढलं, असं रॉथ आणि म्युरिएल निडर्ली यांच्या अभ्यासात दिसून आलं. ओळखीचा माणूस आधी, बाहेरचा नंतर. शेवटी २००६ मध्ये मॅच पुन्हा सुरू झाला. लातूर किंवा मिरजेहून एमबीबीएस करून आलेल्या, अमेरिकेत कुणी ओळखीचं नसलेल्या डॉक्टरला सगळे दरवाजे एकाच दिवशी उघडण्याची किंमत विचारा. मॅचबद्दल मला मनापासून आदर आहे तो यासाठी.

कागदपत्रांतले खड्डे

इरास या अर्जाच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज भरला म्हणजे मॅचची नोंदणी झाली, असं दरवर्षी कुणीतरी समजतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज इरासवर, यादी एनआरएमपीच्या साइटवर. नोंदणी वेगळी आणि पैसेही वेगळे.

यादी नुसती सेव्ह करून भागत नाही, ती सर्टिफाय, म्हणजे अंतिम म्हणून पक्की, करावी लागते. माझ्या ओळखीतल्या एका रेसिडेंटने शेवटच्या संध्याकाळी आयसीयूच्या ड्युटीवर असताना दोन नावांची अदलाबदल केली, तेवढ्यात पेजर वाजला. परत आल्यावर तिने पुन्हा लॉगिन करून पाहिलं, तर यादीपुढे सर्टिफाइड लिहिलेलं नव्हतं. घड्याळात नऊला अकरा मिनिटं कमी होती. वेळ संपते ईस्टर्न टाइमप्रमाणे रात्री नऊला. नंतर कितीतरी वेळ तिचे हात थरथरत होते. यादी दोन-तीन दिवस आधीच पक्की करा, कोणताही बदल केला की पुन्हा सर्टिफाय करा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

तयारीचा उशीर हा आणखी एक खड्डा. तीन वर्षांच्या मेडिसिन रेसिडेन्सीत अर्ज तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात जातो. म्हणजे शिफारसपत्रं देणाऱ्यांनी तुमचं काम पाहायचं ते पहिल्या दोन वर्षांत. जूनमध्ये पत्र मागितलं की तुम्हाला नीट न ओळखणाऱ्या माणसाचं गुळमुळीत पत्र हाती येतं.

आणि भारतातून थेट विचारणाऱ्यांसाठी: तिथलं एमडी मेडिसिन कितीही उत्तम असलं, तरी या मान्यताप्राप्त फेलोशिपसाठी साधारणपणे अमेरिकेतली किंवा कॅनडातली रेसिडेन्सी लागते. अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर बेत आखू नका.

व्हिसा

जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर असाल तर फेलोशिपसाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड, म्हणजे या प्रशिक्षणाची देशाला गरज असल्याचं पत्र, लागतं. मॅच झाल्यावर त्याच्या मागे लगेच लागा, सरकारी कागद आहे. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर अमेरिकेतल्या परवाना परीक्षेची स्टेप थ्री झालेली हवी, आणि तो प्रोग्राम एच-१बी देतो का हे इंटरव्ह्यूआधीच विचारून घ्या. जे फक्त जे-१ देतात त्यांना यादीत घेऊन नंतर विनवण्या करू नका.

सगळ्यात अवघड पेच जे-१ वरच्यांसाठी असतो. फेलोशिप मिळाली नाही तर दोन वर्षं मायदेशी किंवा वेव्हरची, म्हणजे मायदेशी परतायची ती अट माफ करून घेणारी, नोकरी. अशा वेव्हरच्या कॉनरॅड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात आणि त्यांचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. फेलोशिपचा निकाल येतो डिसेंबरात. तोपर्यंत मागणी असलेल्या राज्यांतल्या जागा संपत आलेल्या असू शकतात. उलट वेव्हर घेतला तर तीन वर्षं त्या नोकरीत राहणं बंधनकारक आणि पुढे फेलोशिप करायची तर एच-१बी देणाराच प्रोग्राम शोधायचा. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा विचार असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. सप्टेंबरात, डिसेंबरात नव्हे.

निकालाच्या दिवशी नाव नसेल तर

निकाल ईस्टर्न टाइमप्रमाणे दुपारी बारा वाजता लागतो, म्हणजे भारतात रात्री साडेदहा. आई-बाबा फोन हातात घेऊन जागे असतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, की आज नाव आलं नाही तर मला उद्या फोन करा.

रेसिडेन्सीच्या मॅचनंतर उरलेल्या जागांसाठी सोप नावाची शिस्तबद्ध प्रक्रिया असते, फेलोशिपमध्ये ती नाही. रिकाम्या जागांची यादी निघते आणि ज्याने त्याने थेट प्रोग्रामला लिहायचं. नेफ्रॉलॉजी, इन्फेक्शस डिसीज, जेरिएट्रिक्समध्ये जागा उरतात. त्या शाखेत तुमचा जीव रमणार असेल तरच लिहा, रिकाम्या खुर्चीसाठी आयुष्याचं काम निवडू नका. कार्डिओ किंवा गॅस्ट्रोच हवं असेल, तर चीफ रेसिडेंटचं एक वर्ष, नाहीतर व्हिसा परवानगी देत असेल तर हॉस्पिटलिस्टची, म्हणजे दाखल रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरची, नोकरी आणि सोबत त्याच शाखेतलं संशोधन. ज्या प्रोग्रामांत इंटरव्ह्यू झाला होता, तिथल्या एक-दोघांना आपल्या अर्जात काय कमी पडलं ते नम्रपणे विचारा. काही जण मोकळेपणाने सांगतात. पुढच्या जुलैत पुन्हा अर्ज करताना इरासचं टोकन, म्हणजे नोंदणीचा कोड, नव्याने घ्यायचं, गेल्या वर्षीचं चालत नाही.