पाइनच्या रानातले घर आणि किडीचा बंदोबस्त

ह्यूस्टनच्या उत्तरेला कॉनरो ओलांडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच पाइन सुरू होतात आणि पूर्वेकडे ते लुईझियानाच्या हद्दीपलीकडे जातात. पूर्व टेक्ससच्या या पट्ट्याला ‘पायनी वुड्स’ म्हणतात. येथे वर्षाला साधारण १००० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. पण कोकणातला पाऊस बहुतेक चार महिन्यांत उरकतो आणि पुढे भिंतींना वाळायला उसंत मिळते, तर येथे तो बाराही महिने थोडाथोडा येत राहतो आणि लाकडी सांगाड्याच्या घरांना ती उसंत लाभत नाही. या भागात नव्याने घर घेतलेली मराठी कुटुंबे पहिल्या उन्हाळ्यातच झुरळे आणि मुंग्या पाहून फवाऱ्याचे डबे आणतात, आणि तेथेच रोग रेड्याला व औषध पखालीला अशी गत होते. येथील बहुतेक कीड ओलीच्या मागोमाग घरात येते. म्हणून कामाचा क्रम आधी ओल, मग फटी, मग आमिष आणि अगदी शेवटी फवारा असा ठेवावा.

पावसानंतर घराभोवती एक फेरी

चांगला पाऊस होऊन गेल्यावर तासाभराने विजेरी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन घराला प्रदक्षिणा घालावी. पहिली नजर वर, छताच्या पन्हळीकडे टाकावी. पाइनच्या सुया वर्षभर गळतात, पन्हळीत त्यांचा गच्च थर बसतो, पाणी मागे तुंबते आणि छताच्या कडेची फळी कुजू लागते. पन्हळ वर्षातून निदान दोनदा साफ करावी आणि तिचे पाणी भिंतीच्या पायाशी न सोडता पुढे नळी जोडून चार-सहा फूट लांब न्यावे. जमिनीचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला असावा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच हे प्रमाण बांधकामात मानले जाते.

दुसरी जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एसीच्या पाण्याची पांढरी प्लॅस्टिकची नळी भिंतीतून बाहेर येते आणि उन्हाळाभर पायाशी थेंबथेंब गळत असते. तेथे वाकून पाहिले तर टीचभर शेवाळ, बाजूला ओल्या सुयांचा गठ्ठा आणि त्याखाली झुरळांची पिल्ले दिसतात, कधी कधी तेथूनच मातीची एक बारीक रेघ काँक्रीटवर चढू लागलेली असते. दहा डॉलरच्या आत मिळणारा नळीचा तुकडा जोडून हे पाणी दूर नेले, तर वर्षभराच्या फवारणीपेक्षा अधिक काम होते, असे माझे मत आहे. बागेला पाणी देणारे फवारे भिंतीवर पाणी मारत असतील, तर तेही त्याच फेरीत वळवून घ्यावेत.

घरात आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवावे आणि आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावा. घर खांबांवर उचललेले असेल, तर खालच्या पोकळीत मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरावे. न्हाणीघराचा पंखा दमट हवा माळ्यावर सोडत नाही ना, हेही पाहावे, कारण त्याची नळी छताबाहेर काढलेली असायला हवी.

वाळवी: येथे घाई नको आणि दिरंगाईही नको

आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते आणि सकाळी अंगणात पंखांचा सडा पडलेला असतो. तेच दृश्य येथे घरात, खिडकीच्या चौकटीशी दिसले, तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. या भागात जमिनीतल्या वाळवीच्या दोन जाती त्रास देतात. स्थानिक जातीचे थवे फेब्रुवारी ते मे या काळात, बहुधा पावसानंतरच्या उबदार दिवशी दिवसाढवळ्या उडतात. ‘फॉर्मोसन’ ही आशियातून आलेली जात एप्रिलअखेर ते जूनमध्ये संध्याकाळी दिव्यांकडे झेपावते आणि तिच्या वसाहती कितीतरी मोठ्या असतात. पंखवाली मुंगी आणि पंखवाली वाळवी यांत गल्लत होऊ नये म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. वाळवीला बारीक कंबर नसते, तिच्या मिशा सरळ असतात आणि तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. उडणाऱ्या किड्यांवर फवारा मारण्यात अर्थ नाही, कारण वसाहत जमिनीत किंवा भिंतीत असते. ते व्हॅक्यूमने ओढून घ्यावेत, मात्र पाच-सहा किडे बरणीत जपून ठेवावेत. तपासनीसाला त्यांवरून जात ओळखता येते.

थवा दिसला नाही तरी पाया तपासावाच. काँक्रीटवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी वर चढलेली दिसली, तर स्क्रूड्रायव्हरने मधला दोन इंचांचा तुकडा खरवडून काढावा. आत मळकट पांढऱ्या, मऊ अळ्यांसारख्या दिसणाऱ्या कामकरी वाळव्या धावताना दिसल्या तर शंका उरत नाही. नळी रिकामी असेल, तर चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे. ती बुजवली गेली असेल, तर वसाहत जिवंत आहे. बुजवली गेली नाही, एवढ्यावरून मात्र वाळवी गेली असे समजू नये. त्याच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकटी ठोकून पाहाव्यात, पोकळ आवाज आला तेथे खूण करावी.

वाळवीला वाट न देण्यासाठी काँक्रीटच्या पायाची चार ते सहा इंचांची पट्टी सगळीकडे उघडी ठेवावी. शोभेसाठी पसरलेला लाकडी भुसा आणि पाइनच्या सुया भिंतीपासून हातभर मागे ओढाव्यात. सरपण घरापासून वीसेक फुटांवर आणि जमिनीपासून उचलून रचावे. प्रत्यक्ष उपचार, मग तो पायाभोवती चर खणून औषध सोडण्याचा असो किंवा जमिनीत आमिषाचे डबे पुरण्याचा, परवानाधारकाकडूनच करून घ्यावा.

फटी बुजवणे

रात्री आतले दिवे बंद करून बाहेरचा दिवा लावावा. दाराखालून उजेड दिसला तर तेथून झुरळही येते. दाराला रबरी पट्टी बसवावी, नळांभोवतीच्या फटी सीलंटने भराव्यात, छतावर टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. विटांच्या भिंतीत तळाशी ठरावीक अंतरावर ज्या उभ्या फटी असतात, त्या मात्र कधीही सीलंटने बुजवू नयेत. भिंतीच्या आतली ओल त्यांतूनच बाहेर पडते. त्यांत तांब्याची जाळी सैलसर कोंबावी. लोखंडी घासणी गंजते.

झुरळ कोणते, ते आधी ओळखावे

एकसारखे गडद तपकिरी, चकचकीत, उडणारे मोठे झुरळ हे मूळचे बाहेरचे. झाडांच्या ढोली, पन्हळी आणि सुयांचे थर हे त्याचे घर. त्याच्या अंगातले पाणी लवकर उडते, म्हणून ओल काढली की त्याचा मुक्काम हलतो. स्वयंपाकघरात दिसणारे लहान, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेले झुरळ वेगळे. ते घरातच वाढते आणि अनेकदा खोक्यांतून येते. त्यासाठी जेलचे आमिष मसुराच्या दाण्याएवढ्या ठिपक्यांत ओट्याखाली, बिजागऱ्यांपाशी आणि फ्रिजमागे लावावे. त्याच जागी फवारा मारू नये, कारण त्या वासाने झुरळ आमिषाला तोंड लावत नाही. कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या आईच्या हातच्या गोळ्या येथेही चालतात. फक्त त्या मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत, अशा ठेवाव्यात. घरभर धूर सोडणारे ‘बॉम्ब’ आणू नयेत. ते औषध फटींत पोहोचत नाही, शिवाय गॅसच्या ज्योतीशी त्याचा भडका उडू शकतो.

तांदळातले सोंडे आणि डाळीतले टोके यांचा पाइनशी संबंध नाही, पण दमट हवेत ते वाढतात. नव्या पिशव्या भरण्यापूर्वी चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.

अंगणातल्या फायर अँट

ही तांबूस मुंगी दक्षिण अमेरिकेची. १९३० च्या दशकात ती अलाबामातील मोबील बंदरात उतरली आणि १९५० च्या दशकात टेक्ससमध्ये पोहोचली. ती चावून धरते आणि नांगी मारते, दुसऱ्या दिवशी तेथे पांढरा फोड येतो. पाणी चढले की त्या एकमेकींना धरून तराफ्यासारख्या तरंगतात. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनच्या रस्त्यांवरच्या पाण्यात असे तराफे दिसले होते. अंगणात अनवाणी जाण्याची सवय येथे सोडावी लागते.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची विस्तार सेवा दोन टप्प्यांची पद्धत सुचवते. पहिल्या टप्प्यात वसंत ऋतूत किंवा शरदात, किंवा दोन्ही वेळा, संपूर्ण अंगणभर आमिष विखरावे. मक्याच्या कण्यांना सोयाबीनचे तेल आणि थोडे औषध लावलेले असते. कामकरी मुंग्या ते वारुळात नेतात आणि ते राणीपर्यंत पोहोचते. त्या अन्न शोधत आहेत का, हे पाहण्यासाठी बटाट्याचा एक वेफर गवतावर ठेवावा. अर्ध्या तासात मुंग्या जमल्या तर वेळ योग्य आहे. गवत कोरडे असावे आणि पुढचे चोवीस तास पाऊस नसावा, कारण भिजलेले आमिष वाया जाते. एकराला साधारण ४५० ते ६८० ग्रॅम एवढेच लागते, म्हणजे पाव एकराच्या अंगणाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. ढीग घातल्याने काम लवकर होत नाही. उघडलेल्या पिशवीतले तेल खवट होते, म्हणून लहान पिशवी घ्यावी. परिणामाला औषधानुसार एक आठवड्यापासून काही महिने लागतात. दुसरा टप्पा म्हणजे दारापाशी किंवा मुलांच्या झोपाळ्याखाली असलेले वारूळ तेवढे वेगळे मारणे. दहा-बारा लिटर उकळते पाणी निम्म्याहून अधिक वेळा काम करते, पण हात-पाय सांभाळावेत. पेट्रोल ओतू नये; त्याने आगीचा धोका होतो, माती बिघडते आणि ते बेकायदा आहे.

मुंग्या वेड्यावाकड्या, रांग न धरता, हजारोंनी धावत असतील, तर ती ‘क्रेझी अँट’. २००२ मध्ये ह्यूस्टनजवळच्या पॅसाडेनात ती प्रथम लक्षात आली. फायर अँटच्या बहुतेक आमिषांना ती जुमानत नाही आणि विजेच्या खोक्यांत शिरून बिघाड करते, तेव्हा नमुना घेऊन थेट जाणकाराकडे जावे.

डास

पट्ट्यांचा एशियन टायगर डास १९८५ पासून ह्यूस्टनमध्ये ठाण मांडून आहे आणि तो दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर शनिवारी कुंडीखालच्या बशा, खेळणी आणि बादल्या ओताव्यात. जेथे पाणी ओतता येत नाही तेथे बीटीआय या जिवाणूची टिकली टाकावी. ती महिनाभर टिकते.

माणूस बोलवायचा तर

टेक्ससमध्ये कीडनियंत्रणाचा परवाना राज्याचा कृषी विभाग देतो, तेव्हा परवाना क्रमांक विचारावा आणि पडताळावा. घरात कीड दिसत नसताना दरमहा आतून फवारणीचा करार घेऊ नये. कोणते औषध कोठे वापरले, हे नावानिशी लिहून घ्यावे आणि वाळवीच्या उपचाराचा कागद घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवावा. घर विकताना खरेदीदार वाळवीचा तपासणी अहवाल मागतो, तेव्हा तोच कागद शोधावा लागतो.